बिनतारी माऊसचा बंदोबस्त

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांचे स्थान असून ‘धाकटी पंढरी’ असा त्याचा लौकिक आहे. आषाढीला पंढरपूर गाठणे ज्यांना जमत नाही, असे भोवतालच्या गावांतील भाविक या गडावर येऊन विठ्ठलाचे दर्शन घेतात. या पंचक्रोशीतला माणूस कापूस, सोयाबीन, तूर आणि बाजरी पिकविणारा आहे, आणि त्यांतील मोठा वर्ग दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरतो. सरकारदरबारी त्याचा जो संबंध येई, तो पूर्वी तलाठ्याच्या दप्तराशी आणि तहसील कचेरीशी येई. आता तोच संबंध आपले सरकार सेवा केंद्रातील एका टेबलाशी, त्यावरील संगणकाशी आणि तो चालविणाऱ्या केंद्रचालकाच्या उजव्या हाताखालच्या माऊसशी येऊन ठेपला आहे. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे हे सारे त्याच वाटेने जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने नागरिकास ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे; परंतु त्या हक्काची बजावणी ज्या यंत्रांवर अवलंबून आहे, त्यांची निगा राखण्याचे ज्ञान कायद्याने आपोआप गावोगाव पोहोचत नाही.

२०२३ च्या खरिपापासून एका रुपयात पीकविमा देण्याची योजना राज्यात दोन वर्षे चालली, तेव्हा जुलै महिन्याच्या अखेरीस अशा केंद्रांवर किती गर्दी लोटत असे, हे मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. अशा वेळी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला, म्हणजे रांगेतल्या माणसाच्या छातीत धस्स होते. मग सुरू होतात सल्ले. कोणी म्हणतो सेल बदला, कोणी म्हणतो ड्रायव्हर टाका, आणि कशानेच काही झाले नाही की शेवटी कोणीतरी निर्वाणीचा उपाय सांगतो, ‘फॉरमॅट मारा.’ यांतील प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर ठरतो, म्हणूनच तो घातक आहे. कारण बिघाड कोठे आहे याची चौकशी न करता केलेला इलाज एखादे वेळी लागू पडला, तरी पुढच्या खेपेस तो माणसाला भलत्याच वाटेने नेतो. बिनतारी माऊसची चौकशी चार पायऱ्यांनी करावी, असे माझे प्रतिपादन आहे : प्रथम माऊसच, मग हवेतील लहरी, मग संगणकातील आज्ञावली, आणि सर्वांत शेवटी विश्वास. ही चौथी पायरी बहुतेकांच्या गावीही नसते, आणि ज्या संगणकावर शेकडो लोकांचे आधार क्रमांक आणि बँकखाती उघडली जातात, तेथे तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

या वस्तूचे कार्य कसे चालते हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकन शास्त्रज्ञ डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी पेटीत बसविलेला पहिला माऊस तयार केला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील भरसभेत एंगलबार्ट यांनी त्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्या माऊसला तार होती. पुढे चाकांच्या आणि रबरी गोळीच्या जागी प्रकाश आला. आजचा माऊस आपल्या पोटाखालील पृष्ठभागावर प्रकाश टाकून त्याची लहान लहान छायाचित्रे दर सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेतो, आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील फरकावरून हात कोणत्या दिशेने व किती सरकला हे ठरवितो. तारही गळाली, १९९१ मध्ये लॉजिटेक कंपनीने रेडिओलहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला. हल्लीच्या बहुतेक बिनतारी माऊसबरोबर नखाएवढा एक रिसीव्हर मिळतो, ज्याला आपल्याकडे सर्रास डोंगल म्हणतात; तो संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवावयाचा असतो. दुसऱ्या जातीच्या माऊसला डोंगल लागत नाही, तो संगणकातील ब्लूटूथशी जोडला जातो. आपला माऊस या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा वेळ वाया जातो. ब्लूटूथच्या माऊसचे हरवलेले डोंगल शोधीत बसणारे आणि डोंगलचा माऊस ब्लूटूथच्या यादीत धुंडाळणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक नित्य आढळतात.

आता पहिली पायरी. माऊस उलटा करून त्याखालची कळ चालू आहे की नाही हे पाहावे. पिशवीतून नेताना ती सरकून बंद होणे ही नेहमीची गोष्ट आहे. सेल काढून त्याच्या टोकांवर आणि आतील पत्र्यावर पांढुरका किंवा हिरवट थर साचला आहे काय ते बघावे, कारण उतरलेला सेल आत राहिल्यास पाझरतो आणि मग नवा सेल घालूनही प्रवाह पोहोचत नाही. कोरड्या फडक्याने तो थर पुसून काढावा. नवा आणि जुना सेल जोडीने वापरू नये. पोटाखाली तांबडा दिवा दिसला नाही, म्हणून माऊस मेला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अनेक माऊसमधील प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. बाण थरथरत असेल किंवा आपोआप सरकत असेल, तर दिव्याच्या खिडकीत अडकलेला एखादा केस, कापसाचा तंतू वा धुळीचा कण हेच कारण बहुधा निघते. काचेच्या टेबलावर आणि चकचकीत सनमायकावर माऊस अडखळतो, याचे कारण तेथे छायाचित्रांत फरक ओळखण्याजोगा पोत मिळत नाही. साध्या वहीचा पुठ्ठा खाली ठेवला की तोच माऊस सुरळीत चालू लागतो. आणि एकदा दाबले असता दोनदा क्लिक होत असेल, तर आतल्या कळीचा पत्रा झिजला आहे असे समजावे. त्या दुखण्यावर कोणत्याही ड्रायव्हरचा उतारा चालत नाही.

याच पायरीवर एक अदलाबदल करून पाहावी, जिच्याइतकी निर्णायक कसोटी दुसरी नाही. संशयित माऊस त्याच्या डोंगलसह शेजारच्या संगणकाला लावावा, आणि आपल्या संगणकाला एखादा साधा तारेचा माऊस लावावा. बिनतारी माऊस तिकडेही चालला नाही, तर दोष माऊसचा किंवा डोंगलचा. तो तिकडे चालला आणि तारेचा माऊस इकडे अडला, तर दोष संगणकाचा. दोन्ही चालले, तर दोष मधल्या हवेचा किंवा जोडणीचा. इतकी चौकशी थोड्या वेळात होते, आणि तिच्यामुळे ‘फॉरमॅट मारा’ हा हुकूम बहुतेक प्रसंगी रद्द ठरतो.

दुसरी पायरी हवेतील लहरींची. डोंगलचे आणि ब्लूटूथचे, दोन्ही प्रकारचे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्प शक्तीची उपकरणे वापरण्यास भारत सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्याच्या अटीतून सूट दिली. ज्या मुलखात शिरण्यास परवाना लागत नाही, तेथे दाटी होणारच. राउटरचे वायफाय, मोबाइलचे हॉटस्पॉट, ब्लूटूथचे कर्णे हे सगळे त्याच पट्ट्यात वावरतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही तेथेच पडतात. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. लोखंडी पत्रा त्यांना अडवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते, म्हणून टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूच्या मागच्या खाचेत डोंगल बसविले, म्हणजे त्याच्या आणि माऊसच्या मध्ये संपूर्ण लोखंडी पेटी उभी राहते.

त्याहूनही अनपेक्षित असा एक शत्रू संगणकाच्या आतच असतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात असे दाखवून दिले की, यूएसबी ३.० या वेगवान जोडणीतून माहिती धावत असताना जो विद्युत्-गोंगाट निर्माण होतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि शेजारच्या बिनतारी उपकरणाचे बोलणे त्यात बुडून जाते. ही खाच बहुधा निळ्या रंगाची असते. तिच्यात बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असून लगतच्या खाचेत डोंगल असेल, तर फायलींची नक्कल सुरू होताच बाण अडखळतो आणि नक्कल संपताच पूर्ववत चालतो. दोष कोठे आहे हे या एका लक्षणावरून ओळखावे. उपाय अगदी स्वल्प खर्चाचा आहे. डोंगल निळ्या खाचेपासून दूर, शक्यतो पुढच्या बाजूच्या काळ्या खाचेत बसवावे, अथवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन ते माऊसच्या जवळ, टेबलावर आणून ठेवावे. राउटरही त्याच टेबलावर ठेवू नये. जोडणीचाही एक मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. डोंगल बहुधा आपल्या माऊसशी कारखान्यातच जोडलेले असते, म्हणून एकसारखे दिसणारे दोन डोंगल दोन टेबलांवर बदलले गेले, की एकाचा माऊस दुसऱ्याच्या पडद्यावर फिरू लागतो. माऊस आणि डोंगल यांवर रंगीत चिकटपट्टीची एकच खूण करून ठेवणे हा त्यावरील साधा बंदोबस्त होय. ब्लूटूथच्या माऊसचे नाव यादीत असूनही तो जोडला जात नसेल, तर ते नाव यादीतून काढून टाकावे आणि माऊसवरील जोडणीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून नवी जोडणी करावी.

तिसरी पायरी संगणकातील आज्ञावलीची. ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक बाहेरचे उपकरण ओळखतो आणि चालवितो, तिला ड्रायव्हर म्हणतात. येथे वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : सर्वसाधारण माऊसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. कळफलक, माऊस यांसारख्या उपकरणांसाठी यूएसबीच्या प्रमाणात एक सामाईक वर्ग ठरविलेला आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज व लिनक्स या प्रणालींत आधीपासूनच असतो. जादा बटनांना विशिष्ट कामे नेमावयाची असतील किंवा डोंगलची आतली आज्ञावली सुधारावयाची असेल, तरच निर्मात्या कंपनीची आज्ञावली घ्यावी लागते. म्हणून ‘माऊसचा ड्रायव्हर’ असे शोधून जी पहिली फाइल सापडेल ती उतरवून घेणे, हे दुखणे बरे करण्याच्या नादात दुसरे दुखणे विकत घेण्यासारखे आहे. फुकटात ड्रायव्हर अद्ययावत करून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या आज्ञावल्यांतून जाहिरातींचा कचरा, आणि प्रसंगी चोरटी आज्ञावलीही संगणकात शिरते.

मग खऱ्या दोषाची परीक्षा कशी करावी? माऊस बंद असताना संगणक चालवावयाचा, म्हणून आधी कळफलकाची वाट ठाऊक हवी. विंडोजचे बटण आणि एक्स एकदम दाबले असता जी यादी उघडते, तिच्यात एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडता येतो. टॅब आणि बाणांच्या बटनांनी हिंडावे, एंटरने उघडावे. अंकांचा वेगळा गट असलेल्या कळफलकावर डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नमलॉक ही तीन बटने एकत्र दाबून संमती दिली, की अंकांच्या बटनांनी बाण फिरविता येतो आणि ५ या अंकाने क्लिक करता येते. अर्धवट भरलेला अर्ज अशा वेळी सुखरूप सादर करता येतो, रांगेतल्या माणसास परत पाठवावे लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊससमोर पिवळा त्रिकोण दिसला, तर त्याच्या गुणधर्मांत दिलेला संकेतांक वाचावा : २८ हा अंक ड्रायव्हर बसविलेला नसल्याचे सांगतो, तर ४३ हा अंक उपकरणानेच बिघाड कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले असल्याचे सांगतो. अशा नोंदीवर ‘अनइन्स्टॉल’चा हुकूम देऊन डोंगल काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग डोंगल बसवावे, विंडोज स्वतःचा ड्रायव्हर नव्याने बसविते. थोडा वेळ हात न लावता माऊस झोपी जात असेल आणि जागा होण्यास विलंब लावीत असेल, तर यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी मुभा संगणकाला दिलेली असते, ती खूण पुसून काढून घ्यावी.

आता चौथी पायरी, जिच्यासाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकन संस्थेतील संशोधक मार्क न्यूलिन यांनी ‘माऊसजॅक’ या नावाने एक शोध जाहीर केला. त्यांना असे आढळले की, बिनतारी कळफलकाचा मजकूर बहुतेक कंपन्या सांकेतिक करून पाठवितात, पण माऊसच्या हालचालींत गुप्त ते काय असणार, या समजुतीने माऊसचे संदेश उघडेच सोडले जातात. हेही एक वेळ चालले असते. परंतु अनेक डोंगल, माऊसच्या पत्त्यावरून आलेल्या संदेशात कळफलकाचे बटन दाबल्याची खबर असली, तरी ती खरी मानून संगणकाला पोहोचवीत असत. रात्री वाड्याच्या दिंडीदरवाजावर थाप पडावी आणि आतल्या माणसाने ओळखीचे नाव ऐकताच चेहरा न पाहता कडी काढावी, तसा हा प्रकार होता. शंभर मीटरच्या टापूत बसलेला माणूस थोडक्या किमतीच्या रेडिओयंत्राने आपल्या संगणकावर जणू स्वतःचा कळफलक जोडू शकत होता आणि माणसाच्या बोटांहून किती तरी अधिक वेगाने हुकूम टंकू शकत होता. लॉजिटेक, मायक्रोसॉफ्ट, डेल, एचपी, लेनोव्हो अशा नामांकित कंपन्यांची उपकरणे त्या यादीत होती. लॉजिटेकने डोंगलची आतली आज्ञावली सुधारून दिली. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या माऊससाठी अशी ऐच्छिक सुधारणा दिली की, माऊसच्या वाटेने आलेली अक्षरे विंडोजने गाळून टाकावी. परंतु कित्येक डोंगल असे आहेत की, त्यांची आतली आज्ञावली बदलण्याची सोयच नाही. ते जोवर वापरात आहेत, तोवर तो दोष त्यांच्यात राहणार.

त्यानंतरही हा इतिहास थांबला नाही. २०१९ मध्ये मार्कस मेंग्स या संशोधकाने लॉजिटेकच्या युनिफाइंग जातीच्या डोंगलमधील आणखी दोष उघड केले. ऑगस्ट २०२१ मध्ये असे दिसून आले की, रेझर कंपनीचा माऊस विंडोजला लावताच त्या कंपनीची आज्ञावली आपोआप उतरून सर्वोच्च अधिकारानिशी सुरू होई, आणि तिच्या एका खिडकीतून सामान्य वापरकर्त्यालाही संपूर्ण संगणकाचे अधिकार मिळविता येत. कंपनीने पुढे त्यावर दुरुस्ती दिली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूलिन यांनीच ब्लूटूथच्या जोडणीतून संमतीवाचून कळफलक जोडता येतो असे दाखवून दिले, आणि अँड्रॉइड, लिनक्स व ॲपल यांच्या प्रणालींना सुधारणा काढाव्या लागल्या. यांवरून निघणारा निष्कर्ष असा की, धोका एखाद्या कंपनीपुरता नाही. ज्या छोट्या खाचेत आपण कोणतीही वस्तू निःशंकपणे खोचतो, ती खाच हाच संगणकाचा दरवाजा आहे.

यावर केंद्रचालकाने काय तजवीज करावी? टेबल सोडताना विंडोजचे बटण आणि एल दाबून पडदा कुलूपबंद करावा, मग ते चहापुरते का असेना. कुलूप असलेल्या पडद्यावर बाहेरून टंकलेला हुकूम सहसा चालत नाही. रात्री केंद्र बंद करताना डोंगल काढून संगणक पूर्ण बंद करावा. अनोळखी माणसाने दिलेले किंवा वाटेत सापडलेले डोंगल अथवा पेनड्राइव्ह लावू नये, कारण बाहेरून डोंगल दिसणारी वस्तू आतून कळफलकाचे सोंग घेऊ शकते. रोजचे काम प्रशासकाच्या अधिकाराने न करता सामान्य खात्यातून करावे. डोंगलच्या आज्ञावलीची सुधारणा निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून जुन्या प्रणालीवर नागरिकांची कागदपत्रे हाताळणे आता योग्य नव्हे. नवी विंडोज पेलणार नसेल तर लिनक्सचा विचार करावा. आणि आपोआप अक्षरे उमटणे, काळी खिडकी क्षणभर उघडून मिटणे, असे काही दिसले तर डोंगल उपटून इंटरनेट तोडावे, आणि पैशांची फसवणूक झाली असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

माझा स्पष्ट अभिप्राय असा की, घरी, शाळेत, सभागृहात बिनतारी माऊस खुशाल वापरावा, त्याची सोय निर्विवाद आहे. परंतु जेथे दुसऱ्याचा आधार क्रमांक, दुसऱ्याची जमीन आणि दुसऱ्याचा पैसा पडद्यावर उघडला जातो, त्या टेबलावर तारेचाच माऊस असावा. तो स्वस्त असतो, त्याला सेल लागत नाही, त्याला हवेतील गर्दी बाधत नाही, आणि त्याचे बोलणे शंभर मीटरवरून कोणी चोरू शकत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी खेड्यापाड्यांतील तरुणांना संगणकाची ओळख करून दिली. नारायणगडाच्या पंचक्रोशीतील ज्या मुलामुलींनी ते शिक्षण घेतले, त्यांनी एखाद्या रविवारी आपल्या गावच्या केंद्रात जाऊन वर सांगितलेली चार पायऱ्यांची तपासणी करून द्यावी आणि केंद्रचालकांनी त्यांना ती करू द्यावी, एवढीच विनंती आहे.